तांबट आळीतलं घंगाळ



हा लेख आम्ही दोघं भावंडं मिळून लिहीत आहोत. पेन भावाच्या हातात आहे आणि पाठीमागे उभं राहून चुका काढण्याचं काम ताईकडे. लेखात काही चांगलं सापडलं तर ते ताईचं, असं तिनं आधीच सांगून ठेवलंय. प्रवासात आमच्याबरोबर तिसरी होती ताईची नात, वय वर्षे अकरा. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलायची लाज वाटते. बालमित्रांनो, तुमच्यातल्या पुष्कळांचं असंच आहे, म्हणून तिचीही हकिगत मधूनमधून येईल.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आम्ही दुबईमार्गे मुंबईला उतरलो. तिथून अलिबाग, नवगावचं स्मारक, रेवदंडा असं सगळं केलं. या ठिकाणांबद्दल आपल्यातल्या पुष्कळांनी आधी लिहिलं आहे, ते पुन्हा उगाळत नाही. आम्हाला सांगायचंय ते पुण्याचं, आणि पुण्यातल्याही एकाच गल्लीचं.

निमित्त होतं घंगाळाचं. ज्यांचं लहानपण पुण्याला, ठाण्याला किंवा पनवेलला गेलं त्यांना घंगाळ म्हणजे काय ते सांगायला नको. नातवंडांसाठी सांगतो. घंगाळ म्हणजे तांब्याचं मोठं, पसरट, खोलगट भांडं, दोन बाजूंना धरायला कड्या. बंबातलं कढत पाणी त्यात काढायचं, मग विसण घालायचं, म्हणजे गार पाणी मिसळून अंगाला सोसेल इतपत करायचं, आणि पाटावर बसून तांब्यातांब्यानं अंगावर घ्यायचं. बंबही तांब्याचाच. त्याच्या मधोमध नळी असते, तीत कोळसे नाहीतर लाकडाच्या ढलप्या पेटवल्या की भोवतीचं पाणी तापतं. इथे आपल्या गच्चीवर दूद शेमेश असतो ना, त्याचाच हा धूर काढणारा पणजोबा म्हणा.

आम्ही रास्ता पेठेत एका वाड्यात राहत होतो, सिनेगॉगपासून चालत पाच मिनिटांवर. बाबा खडकीच्या कारखान्यात कामाला. शुक्रवारी दुपारी आई बंब पेटवायची आणि शब्बाथ लागायच्या आत सगळ्यांच्या आंघोळी उरकायची. आधी ताई, मग भाऊ, मग बाबा, शेवटी ती स्वतः. वरच्या लहानशा झरोक्यातून ऊन यायचं आणि घंगाळाच्या तळावर पडायचं. त्या तळाला हातोडीचे बारीक बारीक ठिपके होते, एकाला एक लागून, गोल गोल फेऱ्यांनी बसवलेले. पाणी हललं की प्रत्येक ठिपक्यात उजेड हलायचा. आम्ही दोघंही ते मोजत बसायचो आणि बाहेरून आई ओरडायची, “पाणी निवतंय रे!” किती ठिपके होते ते आमचं कधीच मोजून झालं नाही.

१९६९ साली आमची अलिया ठरली. न्यायच्या सामानाला वजनाची मर्यादा होती. मग घर वाटून टाकणं सुरू झालं. पाटा-वरवंटा एकीकडे गेला, पलंग दुसरीकडे. घंगाळ आईनं समोरच्या काकूंना द्यायचं ठरवलं, तसा शब्दच दिला. ताईच्या टायफॉइडच्या आजारात या काकूंनी आईबरोबर रात्री जागवल्या होत्या, त्यामुळे दुसऱ्या कुणाचं नाव निघणं शक्यच नव्हतं. अश्दोदला आल्यावर आई दरवर्षी रोश हशानाच्या आधी काकूंना पत्र लिहायची. शेवटची ओळ ठरलेली: घंगाळात पाणी काढताना आमची आठवण काढत जा. काकूंचं उत्तर यायचं: रोज काढते.

आता ताईच्या नातीची बात मित्स्वा जवळ आली आणि ताईनं मनात घेतलं की आईच्या घंगाळासारखं घंगाळ पुण्याला करून घ्यायचं. तिचा बेत असा, की काकू नसल्या तरी त्यांचा धाकटा मुलगा त्याच जागी राहतो, आधी त्याच्याकडे जाऊन मूळ घंगाळ बघायचं, फोटो घ्यायचा आणि तो कारागिराला दाखवायचा. भाऊ म्हणाला, “आधी कारागीर तर गाठू.” ताई म्हणाली, “नमुन्याशिवाय?” भाऊ म्हणाला, “आठवणीनं सांगू की.” ताईला हे विचित्र वाटलं होतं, पण ती गप्प बसली. इतकी गप्प ती सहसा बसत नाही.

तर गल्लीचं नाव तांबट आळी. कसबा पेठ ही पुण्याची सर्वांत जुनी पेठ, त्या पेठेत फडके हौदाच्या बाजूला ही आळी. २०२४ पासून भूमिगत मेट्रोचं कसबा पेठ स्टेशन सुरू झालंय, तिथून वर आलात की चालत जाता येतं. पत्ता विचारायची गरज फारशी पडत नाही. कानानं जायचं. ठण् ठण् ठण् असा एक आवाज, त्याच्या मागून दुसरा जरा जड, तिसरा अगदी बारीक. नातीनं लगेच फोन काढून आवाज टिपायला सुरुवात केली.

तांबट लोक मूळचे कोकणातले. पेशवाईत पुणं वाढलं, भांड्यांना मागणी आली, तसे ते घाट चढून इथे आले आणि या आळीत वसले. कालिका ही त्यांची देवी. हे ऐकून ताई म्हणाली, “म्हणजे आपल्यासारखेच की!” खरंच आहे. आपलेही पूर्वज कोकणातल्या गावांतून पुण्या-मुंबईला आले, आणि आपल्यालाही लोक धंद्यावरूनच ओळखायचे, शनिवार तेली म्हणून. यांचं नाव तांब्यावरून पडलं, आपलं तेलावरून.

एके काळी या आळीत घरटी हातोडी चालत असे. हंडे, कळश्या, घागरी, बंब, पराती, देवळांचे कळस, सगळं इथे घडायचं. मग स्टेनलेस स्टील आलं, ॲल्युमिनियम आलं, प्लास्टिकची बादली आली, आणि गिझर आल्यावर बंबाचं काम संपलंच. आता मोजकी घरं हे काम करतात. पंजाबातल्या जंडियाला गुरू गावच्या ठठेऱ्यांची भांडी घडवण्याची कला २०१४ साली युनेस्कोच्या यादीत गेली. ती जावीच, आमची तक्रार नाही. पण पुण्याच्या तांबटांचंही नाव कधी निघेल का, असं मनात आल्यावाचून राहिलं नाही.

आम्ही ज्या दारात थांबलो तिथे साठीचे एक गृहस्थ गोणपाटावर बसून भांडं ठोकत होते. भांडं एका लोखंडी दांड्याच्या गोल डोक्यावर चढवलेलं, एका पायानं दाबून धरलेलं. आम्ही दोनदा हाक मारली, त्यांना ऐकू गेलं नाही. जन्मभर या आवाजात बसून कान मंद झालेत. तिसऱ्या हाकेला मान वर झाली. “या काका, बसा ताई. चिमणे, तू त्या पाटावर बस.” आम्ही इस्राएलहून आलो, मूळचे रास्ता पेठेतले, असं सांगितल्यावर म्हणाले, “लाल देवळाचे का?” लाल देऊळ म्हणजे लष्कर भागातलं ओहेल दावीद, हे पुणेकरांना सांगायला नको. आम्ही म्हणालो, “त्यांचे शेजारी. आम्ही रास्ता पेठेतल्या सिनेगॉगचे.” ते म्हणाले, “एकूण एकच.” आम्ही वाद घातला नाही.

घंगाळ करून हवं म्हटल्यावर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “केवढं?”

भावानं दोन्ही हात पसरून दाखवले. ताईनं त्याचे हात थोडे जवळ आणले. त्यानं पुन्हा लांब नेले. कड्या कशा होत्या यावरही आमचं जमेना. ताई म्हणे हलणाऱ्या गोल कड्या, भाऊ म्हणे घट्ट बसवलेले कान. बूड सपाट की खाली बैठक? एक हो म्हणाला, एक नाही. तांबटकाका हातोडी मांडीवर ठेवून ऐकत होते. शेवटी म्हणाले, “लहानपणीचं भांडं सगळ्यांचं मोठंच असतं. असं हातानं दाखवू नका. अंगाची खूण सांगा. कधी कडेवर घेतलं होतं? डोक्यावर घेतलं होतं? कड कुठे टेकत होती?”

आणि भाऊ भाबडेपणानं बोलून गेला, “डोक्यावर पालथं घेतलं होतं. कड दोन्ही खांद्यांवर टेकत होती. समोरचं काही दिसत नव्हतं. खाली बघितलं की आपले पाय आणि पुढे बाबांच्या चपला.”

“वय?”

“नऊ.”

तांबटकाकांनी नातीकडे बघितलं. ती अंगानं बारीक आहे, नऊची म्हणूनही खपेल. त्यांनी मागच्या फळीवरून एक घंगाळ काढून तिच्या डोक्यावर पालथं घातलं. ते कोपरांच्या खाली गेलं. “मोठं.” दुसरं घातलं, ते खांद्यांच्याही बाहेर आलं. तिसरं नेमकं खांद्यांवर बसलं. आतून घुमल्यासारखा आवाज आला, “मला काही दिसत नाही!” पुण्यात आल्यापासून चारचौघांत ती बोललेलं हे पहिलं मराठी वाक्य. सगळे हसलो. तांबटकाकांनी सुतळीनं माप घेऊन गाठ मारली.

हसली नाही ती ताई. ती भावाला म्हणाली, “पण तू घंगाळ डोक्यावर घेऊन निघाला होतास कुठे? काकूंचं दार तर समोर होतं.”

इथे लिहिणारा हात थांबतोय आणि मागून ताई म्हणते आहे, लिही. तर लिहितो. निघायच्या आधीच्या आठवड्यात आई ताईला घेऊन परळला आत्याकडे निरोप घ्यायला गेली होती. त्या रविवारी बाबा आणि भाऊ घंगाळ घेऊन जुन्या बाजारात गेले. बाबांच्या हातात बंबाची पिशवी, भावाच्या डोक्यावर घंगाळ. तिथे ते काट्यावर चढलं आणि वजनावर विकलं गेलं. पंचेचाळीस रुपये आले. परतताना बाबा वाण्याच्या दुकानावर थांबले आणि सगळी उधारी चुकती केली. देश सोडून जाताना कुणाचं देणं ठेवायचं नाही, एवढंच ते म्हणाले. आणि म्हणाले, आईला सांगू नकोस, काकूंशी मी बोलतो. ते बोलले की नाही हे भावाला ठाऊक नव्हतं. बाबा १९८७ साली गेले, आई २००३ साली. प्रत्येक पत्र टपालात टाकायला भावाकडेच असायचं आणि ती शेवटची ओळ त्याला पाठ होती. पंचावन्न वर्षांत ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नव्हती.

ताई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती उठली, तांबटकाकांना “उद्या येतो” म्हणाली आणि चालू लागली. रास्ता पेठेत जाईपर्यंत एक शब्द नाही. सिनेगॉगच्या आवारात एका बाकावर बराच वेळ बसून राहिली. नातीनं तिच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि हिब्रूत विचारलं, “आजी, तू मामाआजोबांवर चिडलीस का?” ताई म्हणाली, “नाही गं. आईनं दिलेला शब्द तसाच पडून राहिला, त्याचा हिशेब करतेय.” दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना तिनं निकाल दिला. घंगाळ होईल, पण ते अश्दोदला येणार नाही. काकूंच्या घरी जाईल. आपल्याला हवा असेल तर एक तांब्या करून घेऊ.

घंगाळाला सहा दिवस लागले आणि आम्ही रोज जाऊन बसलो. पुण्यात बघण्यासारखं पुष्कळ आहे, पण एकदा तिथे बसल्यावर दुसरीकडे जावंसं वाटेना. काम असं चालतं. तांब्याचा पत्रा गोल कापतात. तो भट्टीत लाल होईपर्यंत तापवतात, म्हणजे मऊ पडतो. मग लाकडी मोगरीनं ठोकून खोलगट करतात. ठोकता ठोकता तांबं कडक होतं, ऐकेनासं होतं, की पुन्हा भट्टीत. असं कितीदा तरी. आता पुष्कळ भांड्यांना आधी मशीनवर दाबून आकार देतात, त्यात वेळ वाचतो. तांबटकाका म्हणाले, “मशीन वापरतो, लपवायचं काय त्यात? पण तुमचं हातानं करतो, कारण तुमचं माप कुठल्याच साच्यात नाही.”

भट्टीतून भांडं काळं पडून निघतं. पूर्वी ते चिंचेच्या पाण्यात घालून उजळायचे, आता बहुतेक ठिकाणी ॲसिड वापरतात, हे मात्र चिंचेनंच केलं. आणि मग येतं मठारकाम. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनं एकसारखे ठिपके पाडत जायचे, बुडापासून काठापर्यंत, फेरीला फेरी लावून. आम्ही इतकी वर्षं ही नक्षी समजत होतो. ती नुसती नक्षी नव्हे. प्रत्येक ठोक्यानं तांबं त्या जागी दबतं, कडक होतं, म्हणून पातळ पत्र्याचं भांडं पाण्यानं भरलं तरी आकार सोडत नाही. ठिपके काढून टाकलेत तर घंगाळ दोन हातांत उचलताना मुडपेल.

त्यांच्याकडची हातोडी त्यांच्या वडिलांची आहे. दांड्यावर एका जागी अंगठ्याचा खळगा पडलाय. तो वडिलांच्या अंगठ्याचा, यांचा अंगठा त्याच्या जरा वर बसतो. जुनं भांडं दुरुस्तीला आलं की ठिपक्यांवरून ते घर ओळखतात. “माझे वडील डावरे होते. त्यांची फेरी उलटी फिरते.” एकदा एका लग्नघरी जेवायला गेले असताना त्यांनी हात धुवायला ठेवलेला हंडा पाहिला आणि जेवण सोडून त्याच्यापाशी जाऊन बसले, कारण फेरी उलटी होती. घरातले लोक म्हणाले, पाहुण्यांना काही हवंय का.

ताईला तेव्हा तोरातला कियोर आठवला. मिशकानात कोहनीमनी हातपाय धुवायचं तांब्याचं पात्र. ते बेसालेलनं केलं, आणि शेमोथच्या अडतिसाव्या अध्यायात सांगितलंय की ते स्त्रियांनी दिलेल्या आरशांचं केलं. आरसेही तेव्हा काचेचे नसत, घासून चकचकीत केलेल्या धातूचे असत. लहानपणी हाझान साहेबांनी हे सांगितलं तेव्हा आम्हाला त्याचं विशेष वाटलं नव्हतं. तिथे बसल्यावर वाटलं. त्या बायकांनीही इजिप्तहून निघताना सामान मोजूनच घेतलं असणार, आणि त्यातून आरसा घेतला होता. ताईनं हे तांबटकाकांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, “मग तो तुमचा बेसालेल आमच्यातलाच म्हणायचा.”

नातीला मात्र भांड्यांपेक्षा तांबटकाकांच्या मुलीचं काम आवडलं. ही मुलगी कातरीखाली उरलेल्या पत्र्याच्या तुकड्यांचे दागिने करते. कानातली, पदकं, कडी. आम्हाला वाटलं हल्लीची फॅशन असेल. तिनं एकेक उचलून दाखवलं तेव्हा कळलं. एक पदक म्हणजे त्यांच्या जुन्या वाड्याच्या दाराचा कोयंडा, बोटभर करून. वाडा पडला. एक कानातलं म्हणजे झोपाळ्याच्या साखळीतला एक दुवा. झोपाळा विकला गेला. पिंपळाचं पान आहे ते अंगणातल्या पिंपळाचं, तोही तोडला. आजीचा अडकित्ता आहे, उघडमीट होणारा, त्यानं सुपारी कातरत नाही पण आवाज तसाच येतो. “जे घरात आहे त्याचा दागिना मी करत नाही,” ती म्हणाली, “जे गेलंय त्याचाच करते.” विकणं तिला जड जातं, पण विकावं लागतं. नातीसाठी तिनं एक कडं केलं आणि त्यावर घंगाळासारखेच ठिपके मारले.

पाचव्या दिवशी तांबटकाकांनी नातीच्या हातात हातोडी दिली. “मार तीन.” तिनं मारले. पहिला ठोका जोरात, दुसरा वाकडा, तिसरा भीत भीत. काठाच्या जरा खाली ते तीन ठिपके फेरी सोडून बसलेत. “ओळीत आणू का?” त्यांनी विचारलं. ती मराठीत म्हणाली, “नको. राहू दे.”

सातव्या दिवशी रिक्षात घंगाळ मांडीवर घेऊन आम्ही काकूंच्या मुलाकडे गेलो. वाडा पाडून तिथे पाच मजली इमारत झाली आहे, तिच्यात तिसऱ्या मजल्यावर त्याचा फ्लॅट. तो भावाचा गोट्या खेळण्यातला जोडीदार. दार उघडलं, आमच्याकडे बघितलं, घंगाळाकडे बघितलं आणि हसायलाच लागला. हसता हसता डोळे पुसू लागला. म्हणाला, “अरे, हे आता कशाला आणलंत? आईनं त्यात तीस वर्षं आंघोळ केली.”

त्याला सगळं ठाऊक होतं. बाबा काकूंशी बोलले नव्हते. त्या रविवारी संध्याकाळी काकू वाण्याकडे गेल्या तेव्हा वाणीच म्हणाला होता, तुमच्या समोरच्यांनी सगळी उधारी फेडली, तांब्याचं भांडं मोडून. काकूंनी घरी येऊन दार लावून घेतलं आणि मुलांना बजावलं, या विषयावर एक अक्षर नाही. पहिलं पत्र आलं तेव्हा त्यांनी ते मोठ्यानं वाचलं, शेवटच्या ओळीवर थांबल्या आणि म्हणाल्या, आता मला रोज घंगाळात आंघोळ करावी लागणार. मग घरात ती थट्टाच झाली. प्लास्टिकच्या बादलीत पाणी काढताना त्या म्हणायच्या, सरका, मला माझ्या घंगाळात पाणी काढू द्या. मुलगा म्हणाला, “पण आठवण काढायची हं. ते खोटं नाही लिहिलं तिनं.”

बिस्किटाच्या एका डब्यात आईची सगळी पत्रं होती. ताई ती वाचत बसली. आम्हा दोघांना काय वाटलं ते लिहायचा दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा ताईनं खोडलं. तेव्हा ते राहू दे.

घंगाळ ठेवायचं कुठे हा प्रश्न उरलाच. न्हाणीघरात गिझर आणि कपडे धुण्याचं यंत्र, पाय ठेवायला जागा नाही. वहिनी म्हणाल्या हॉलमध्ये ठेवू, पाण्यात फुलं सोडू, हल्ली सगळे तसंच करतात. ताईच्या कपाळाला आठी पडली ती त्यांनी ओळखली. मग ते गॅलरीत ठेवलं. दोन बादल्या पाणी ओतलं. दुपारचं ऊन होतं. काकूंचा मुलगा साठी ओलांडलेला, गुडघे दुखतात, तरी खाली बसला आणि वाकून तळाकडे बघू लागला. आम्हीही बसलो. नातीनं पाण्यात बोट फिरवलं आणि ठिपके हलले.

कड्या शेवटी हलणाऱ्याच बसवल्या होत्या, ताई म्हणाली तशा. एका पत्रात आईनं सहज लिहिलं होतं की कडीचा आवाज अजून कानात आहे. तेव्हा त्या वादात ताई जिंकली. बूड मात्र भावाचं बरोबर असावं, त्याला पुरावा नाही.

अश्दोदला आलाय तो तांब्या आणि नातीचं कडं. बालमित्रांनो, तांब्याचं कडं घातलं की मनगटावर हिरवट डाग पडतो. घाबरायचं नाही. घामानं आणि हवेनं तांब्यावर तसा थर येतो, साबणानं धुतला की जातो. तांब्यात प्यायचं साधं पाणी ठेवायला हरकत नाही, पण लिंबाचं सरबत, ताक, चिंचेचं सार असलं आंबट काही ठेवायचं नाही, ते पोटाला वाईट. पूर्वी स्वयंपाकाच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना आतून कथलाची कल्हई करायचे ती याचसाठी.

दर शुक्रवारी दुपारी नात ताईकडे येते आणि तांब्या घासते. चिंच आणि मीठ, दोन मिनिटांत लखलखतो. इथल्या भारतीय दुकानात चिंच मिळते, पण ती नवी आणि लाल असते. तांब्याला जुनी काळी चिंच मानवते असं ताईचं ठाम मत आहे आणि पुण्याहून आणलेली आता संपत आली. कुणी तिकडे जाणार असेल तर परतताना अर्धा किलो आणावी. पैसे आम्ही देऊ, शिवाय चहा आणि मलिदा.